हायपेरियाचं मॉडेल: बेळगावच्या उद्यमबागेतल्या कामाच्या नोंदी

२८ ऑक्टोबर

काम घेतलं. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलच्या विज्ञान खोलीसाठी मॉडेल करायचंय. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, ते टांगलेलं हवं. विषय तिथल्या विज्ञानाच्या बाईंनी काढलाय: ध्रुवाकडच्या थंड समुद्रांत जेलीफिशच्या अंगावर राहणारा बारका कवचधारी परजीवी. नाव हायपेरिया गाल्बा. पूर्ण वाढला तरी बोटाच्या नखाएवढा.

पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, करण्यात माझं आयुष्य गेलं. पंपाची केसिंग, व्हॉल्व्हची बॉडी, गिअरबॉक्सची झाकणं. त्यांना ड्रॉइंग असतं, टॉलरन्स असतो, खाली पार्टीची सही असते. इथे ड्रॉइंगच नाही. फोटो आहेत, आणि फोटोतला प्राणी अर्धा आरपार दिसतोय. भाची गोव्यात सागरी जीवशास्त्र शिकते. मापं देण्याचं आणि चुका काढण्याचं काम तिच्याकडे. बाई म्हणाल्या, "मेस्त्री, मुलं गोवा-कारवार करून आल्यात, समुद्र बघितलेला नाही असं नाही. पण पाण्याच्या आत काय चालतंय ते त्यांना माशाच्या पाटीपलीकडे ठाऊक नाही." मलाही तेवढंच ठाऊक, म्हणून हो म्हटलं.

१ नोव्हेंबर

सीमाभागातला काळा दिवस. शेड बंद, फेरीला गेलो.

३ नोव्हेंबर

पहिला घोळ मापाचा. भाचीने पाठवलेल्या फोटोतली मादी १२ मिलिमीटरची. चाळीस पट केली की ४८० मिलिमीटर. मागच्या बाकावरच्या पोरालाही पाय मोजता येतील. पण तिचं घर? हायपेरिया राहते ती ठरावीक जेलीफिशांवर, आणि त्यातली नावाजलेली म्हणजे सायानिया कॅपिलाटा, सिंहाच्या आयाळीची जेलीफिश म्हणतात ती. उत्तर अटलांटिकपासून थेट आर्क्टिकपर्यंत सापडते. बेताच्या सायानियाची छत्री अर्धा मीटर धरली तरी चाळीस पटीला वीस मीटर झाली. शाळेची अख्खी इमारत झाकली जाईल. १८६५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या उपसागरात मिळालेल्या एका सायानियाची नोंद अलेक्झांडर अगासी यांनी ठेवली आहे: छत्री दोन मीटरच्या वर, खाली लोंबणारी शुंडकं छत्तीस मीटरच्या वर. आमच्या स्केलला ती शुंडकं दीड किलोमीटरच्या जवळ जातात.

तेव्हा अख्खी जेलीफिश करायचा विचार सोडला. छत्रीचा खालच्या अंगाचा एक तुकडा करायचा, ९०० बाय ७०० मिलिमीटर, तो छताला टांगायचा. मुलं खाली उभी राहून वर बघतील. हायपेरियाची वस्ती छत्रीच्या आतल्या बाजूलाच असते, त्यामुळे नजरही बरोबर पडते.

हे गणित बाईंना सांगितलं तर त्या खूश. मॉडेलशेजारी फळा लावून मुलांकडून हाच हिशोब करून घेणार म्हणाल्या.

८ नोव्हेंबर

भाचीचा फोन. "आधी प्राणी समजून घ्या मामा, मग लाकूड कापा." तासभर बोललो. लिहून घेतलं ते असं.

डोकं, मग छातीची सात कडी. प्रत्येक कड्याला पायांची एक जोडी. पहिल्या दोन जोड्या आखूड, तोंडाजवळ, खाणं धरायला. उरलेल्या पाच लांब, टोकाला बारीक नखी. त्यामागे पोटाची तीन कडी, त्यांना पोहण्याचे पाय, झालरीसारखे केस असलेले. सगळ्यात मागे शेपटाचा भाग, तिथेही आखूड उपांगांच्या तीन जोड्या. खेकड्याला असतं तसं पाठीवर एकसंध कवच नाही. कडी सुटी, एकाच्या कडेखाली दुसऱ्याची कड सरकलेली, आपल्याकडच्या कौलारू छपरासारखी. म्हणून त्याला अंग गोळा करता येतं, ताणता येतं.

हायपेरिया ज्या कवचधारी गटातली तो अँफिपॉड. इथवर सगळे अँफिपॉड सारखेच. फरक आहे तो आडव्या छेदात, आणि तो मला लगेच भिडला, कारण पॅटर्नवाला कुठलीही वस्तू आधी छेदातच बघतो. समुद्राच्या तळाशी, दगडाखाली, शेवाळात राहणारे नेहमीचे अँफिपॉड दोन्ही कुशींनी चेपलेले असतात. फटीत शिरायचं तर तोच आकार सोयीचा. हायपेरियाला फट कसली? तिचा छेद जवळजवळ गोल, छाती फुगीर. आणि डोकं म्हणजे दोन डोळेच. वरून, कुशीतून, कुठूनही बघा, डोक्याचा बहुतेक भाग डोळ्यांनी व्यापलेला. हिरवट डोळे. खुल्या पाण्यात सगळ्या दिशांनी बघायला लागतं, वरून शिकारी, खालून शिकारी.

एक पार्ट कमी झाला हेही लिहून ठेवतो. बाकीच्या अँफिपॉडांत तोंडाजवळच्या एका उपांगाला स्पर्शक असतो, हायपेरियाच्या हायपेरिइड गटात तो नसतोच. जाणकार गट ओळखतात त्यातली ही एक खूण. माझं तेवढं कोरीव काम वाचलं.

धडासाठी शिवणाचं लाकूड घेतलं, पायांना सागवान. सात कडी वेगवेगळी कापून चिकटवायची, अखंड ठोकळ्यातून काढायची नाहीत. बिडाच्या ओतकामाला आम्ही आटण्यासाठी शंभरात एक वाढवून धरतो. रेझिनला तेवढं लागत नाही, तरी हात सवयीने श्रिंकेजच्या पट्टीकडे जात होता.

१५ नोव्हेंबर

दुपारभर वीज नाही. पटाशी आणि कानशीवर काम. चौथं, पाचवं कडं झालं. शेजारच्या शेडमधले मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे भरणारे, डोकावले: "हे काय री मेस्त्री, झुरळ?" त्यांना सगळं सांगितलं. मॉडेलशेजारची कानडी पाटी मीच लिहून देतो म्हणाले. बरं झालं, तो प्रश्न सुटला.

२३ नोव्हेंबर

आज कामाबाहेरची गोष्ट, पण कामाचीच. बाजारातून बांगडे आणले. घरात साफ करताना एकाच्या कल्ल्याच्या झाकणाखाली पांढरट, कडीकडीचं काहीतरी निघालं. जिवंत नव्हतं. एरवी टाकून दिलं असतं. धुऊन बशीत ठेवलं, भिंग लावलं, फोटो काढून भाचीला पाठवला.

तिचं उत्तर: हा आयसोपॉड. अँफिपॉड नव्हे, पण चुलत घराणं. आपल्या किनाऱ्यावरच्या बांगड्यांच्या कल्ल्यात असले आयसोपॉड सापडतात, रक्त पितात. खाणाऱ्या माणसाला काही होत नाही, दिसायला किळसवाणं एवढंच.

भिंगाखाली पुन्हा बघितला. हा वरून-खालून चपटा. पाय सात जोड्या, प्रत्येकाच्या टोकाला आकड्यासारखी वाकलेली नखी, सगळ्या नख्या आतल्या बाजूला वळलेल्या. एक नखी सुईने उचलून सोडली, ती परत वळून बसली. अंग किंचित एका कुशीला कललेलं होतं. कल्ल्याच्या पोकळीत वाढताना पोकळीचाच आकार घेतला असणार. साच्यात वाढलेलं जनावर. छातीखाली पातळ पत्र्यांसारखी झाकणं एकमेकांवर चढलेली, आत रिकामी पिशवी.

ती पिशवी महत्त्वाची. आयसोपॉड आणि अँफिपॉड, दोन्हींच्या माद्या अंडी पाण्यात सोडत नाहीत, छातीखालच्या पिशवीत वाढवतात. म्हणजे त्यांची पिल्लं कोळंबीच्या पिल्लांसारखी पाण्यात वाहत जात नाहीत. माशाच्या कल्ल्यातला बिऱ्हाडकरू आयसोपॉड पिल्लं बाहेर सोडून देतो, ती पोहून नवा मासा शोधतात. हायपेरियाची गोष्ट याच्याही पुढची, ती पुढे येईल.

ठरवलं: मॉडेलची मादी पिशवी भरलेली करायची. दुसऱ्या ते पाचव्या कड्याखाली चार जोड्या पत्रे. ०.५ चा ॲल्युमिनियम पत्रा, ठोकून वाकवलेला.

६ डिसेंबर

भाची सुटीला आली. लोंढ्याहून, कॅसलरॉकच्या बोगद्यांतून येणाऱ्या गाडीने. सकाळी शेडमध्ये बसून तिने एक गोष्ट सांगितली ती तारखेमुळे लक्षात राहिली. १९८१ साली आजच्याच दिवशी, ६ डिसेंबरला, भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहून निघाली. प्रमुख डॉ. एस. झेड. कासिम. ९ जानेवारी १९८२ ला माणसं तिथे उतरली. आपल्या देशाचं ध्रुवीय संशोधनाचं केंद्रही वास्कोलाच आहे, म्हणजे बेळगावातून घाट उतरलं की खाली. आर्क्टिकमध्ये स्वालबार्डला नी-ओलेसुंड इथे 'हिमाद्री' हे आपलं ठाणं २००८ पासून आहे, काँग्सफ्योर्ड या खाडीच्या काठावर, ७९ अंश उत्तरेजवळ. तिथल्या फ्योर्डांत सायानिया येते. मला वाटत होतं, हा विषय आपल्यापासून जगाच्या दुसऱ्या टोकाला. आपली माणसं त्याच पाण्याच्या काठी राहून काम करतात हे बाईंना सांगायला हवं.

मग तिने अंटार्क्टिकेतल्या नातेवाइकाची गोष्ट काढली. हायपेरिएला डायलाटाटा. हीदेखील तिथल्या जेलीफिशवर दिसते, डिप्लुल्मारिस अंटार्क्टिका नावाच्या. पण तिची खरी करामत वेगळी. मॅकमर्डो साउंडच्या बर्फाखाली ही बारकी अँफिपॉड क्लायोनी नावाची शंख नसलेली, पोहणारी गोगलगाय पकडते आणि पायांच्या शेवटच्या दोन जोड्यांनी पाठीवर धरून ठेवते. खात नाही. नुसती वागवते. जेम्स मॅक्लिंटॉक आणि जॉन जान्सेन यांनी १९९० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हे छापलं. त्यांनी माशांपुढे दोन्ही ठेवून बघितलं: एकटी अँफिपॉड मासा गिळतो, पाठीवर गोगलगाय असलेली तोंडात घेतो आणि थुंकतो. गोगलगाईच्या अंगात माशाला नकोसं रसायन असतं; पुढे ते वेगळं काढलं, नाव पडलं टेरोएनोन. ओझ्यामुळे अँफिपॉडचा पोहण्याचा वेग घटतो, तरी सौदा परवडतो. गोगलगाईचं काय? ती धरलेली असेतो खाऊ शकत नाही.

मोल्डर ऐकत होते. म्हणाले, म्हणजे बॉडीगार्ड किडनॅप केला की. यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही.

हेही मॉडेल करावं असं फार वाटलं. पैसे एकाचेच ठरलेत. तूर्त एकाच कागदावर आकृती काढून ठेवली, पायांच्या सहाव्या-सातव्या जोडीची मापं भाचीकडून घेतली.

१२ डिसेंबर

हायपेरियाचा लाकडी पॅटर्न पूर्ण. पुट्टी, पॉलिश पेपर, मेण. उद्या त्यावर सिलिकॉन रबराचा साचा घेणार.

आज जेलीफिशच्या तुकड्याला हात घातला. जेलीफिशच्या अंगात शंभरातले पंचाण्णव भाग किंवा जास्तच पाणी. ते दिसायला हवं, पण लोंबायला नको. पारदर्शक रेझिनमध्ये चिमूटभर पांढरा रंग, पातळ थरांत ओतायचं. एकदम जाड ओतलं तर हार्डनरची उष्णता आत कोंडते, तडा जातो. एक थर, मग थांबायचं, मग दुसरा. थंडी पडलीय, थर सुकायला वेळ घेतोय. बेळगावच्या थंडीबद्दल कुरकुर करत होतो तर भाची म्हणाली, ध्रुवाजवळ समुद्राचं पाणी शून्याच्या खाली उणे १.८ पर्यंत जातं आणि तरी वाहतं राहतं, मिठामुळे.

छत्रीच्या खालून लोंबणाऱ्या जननग्रंथींचा प्रश्न होता. सायानियाच्या ग्रंथी चुण्याचुण्यांच्या, पडद्यासारख्या, चार बाजूंना चार झुबके. रेझिनने तो मऊपणा येईना. वडगावात आमचे एक विणकर पाहुणे आहेत, त्यांच्याकडून मागावरची रेशमी कापडाची चिंधी आणली. फिकट केशरी. पातळ रेझिनमध्ये बुडवून, बोटांनी चुण्या पाडून, दोरीवर वाळत घातली. वाळल्यावर कडक झाली, पण उजेडाला धरली तर धागा न् धागा दिसतो. जिवंत मांस वाटतं. घरात सगळ्यांनी हात लावून बघितला.

हायपेरिया नेमकी तिथेच सापडते. जेलीफिशचं अंग पातळ, पाणीदार, त्यात सकस भाग म्हणजे या ग्रंथी. हायपेरिया त्या कुरतडते. जठराच्या पिशव्यांतही शिरते, आणि जेलीफिशने शुंडकांनी पकडून आणलेलं बारीकसारीक खाणंही उचलते. म्हणजे भाडं नाहीच, वर घरमालकाच्या ताटातलं जेवण.

२० डिसेंबर

सिलिकॉनचा साचा फोडला. नखीच्या टोकापर्यंत उतरलाय. पहिली रेझिनची प्रत उद्या.

पिल्लांचा विषय आज मिटवला. मादीच्या पिशवीतून पिल्लं बाहेर येतात ती अर्धवट अवस्थेत, पोहण्याचे पाय अजून कामाचे नाहीत. पाण्यात सोडली तर संपली. म्हणून आई त्यांना जेलीफिशवर नेऊन ठेवते, अंगावर फिरत फिरत ठिकठिकाणी पेरते. पिल्लं तिथेच चिकटून खातात, कात टाकतात, वाढतात. एवढ्या अफाट पाण्यात ज्याला पोहता येत नाही त्याला धरायला हीच एक जागा. एम-सीलची पिल्लं केली, आकार भाचीने सांगितला, बसवली ग्रंथींच्या चुण्यांत. काही मुद्दाम अर्धी झाकलेली ठेवली. मुलांनी शोधावीत.

२७ डिसेंबर

बाई मुलांना घेऊन आल्या. नववीची पोरं, एसटीच्या धुळीने माखलेली. लेथ बघायला जास्त उत्सुक होती. मग प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. भाची होती म्हणून निभावलं.

जेलीफिश मेली की ही कुठं जाते? सायानियाचं आयुष्य साधारण वर्षभराचं. उन्हाळ्यात वाढते, शरदात विरून जाते. त्या सुमाराला तिच्या अंगावर हायपेरिया भरपूर झालेल्या असतात आणि छत्रीला भोकं पडलेली असतात. जर्मनीच्या किनाऱ्याजवळ उत्तर समुद्रात झालेल्या अभ्यासात दिसलं की जेलीफिश नसतात त्या हिवाळ्यात हायपेरिया तळाजवळ काळ काढते. एका मुलीने विचारलं, मग तिला डोळ्यांचा उपयोग होत असेल, पुढची जेलीफिश हुडकायला? भाची माझ्याकडे बघून हसली. हा प्रश्न तिच्या वर्गातही निघतो म्हणाली.

हिला कोण खातं? मासे. काही माशांची पिल्लं सायानियाच्या छत्रीखाली आसऱ्याला राहतात आणि तिथल्या हायपेरिया टिपतात. आणि हिच्याच गटातली थेमिस्टो लिबेल्युला आर्क्टिकमध्ये मोकळी पोहते, स्वतः शिकार करते. ध्रुवीय कॉड मासे, लिटल ऑक नावाचे समुद्रपक्षी आणि सील तिच्यावर जगतात. एकाच घराण्यातली एक भाडेकरू, एक शिकारी.

थंडीत किडे मोठे होतात म्हणे? एकाने कुठेतरी वाचलं होतं. हे अँफिपॉडांवरच तपासलेलं आहे. गोतिये शापेल आणि लॉइड पेक यांनी १९९९ साली दाखवलं की वेगवेगळ्या समुद्रांतले अँफिपॉड किती मोठे होऊ शकतात हे पाण्यातल्या ऑक्सिजनशी जुळतं. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो, तिथे सर्वांत मोठ्या जाती मिळतात. हायपेरिया त्यातली राक्षसी नव्हे हेही भाचीने लगेच सांगून टाकलं.

आणि शेवटी जो प्रश्न येणारच होता: आपल्याकडे जेलीफिश हाय काय? आहे. गोड्या पाण्यातली. १९११ साली नेल्सन ॲनंडेल यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या, साताऱ्याकडच्या नद्यांतल्या जेलीफिशची नोंद केली, पुढे तिला लिम्नोक्निडा इंडिका नाव मिळालं. नाण्याएवढी. एका पोराने तिथल्या तिथे जाहीर केलं की कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाकडे त्याच्या मामाचं गाव आहे आणि तो उन्हाळ्यात बघून येणार. बाईंनी त्याचं नाव वहीत लिहून घेतलं.

५ जानेवारी

रंग. यावर शेडमध्ये दोन दिवस वाद.

मोल्डरांचं म्हणणं, लाल तपकिरी करा, उठून दिसेल. फोटोही तसे आहेत. पण फिकट, जवळजवळ आरपार असलेलेही आहेत, आणि प्राणी तोच. भाचीने उलगडा केला: हायपेरियाच्या कातडीत रंगपेशी असतात. जेलीफिशला धरून बसली की रंग आकसतो, अंग फिकट होतं; सुटून पोहायला लागली की रंग पसरतो, तपकिरी-तांबूस दिसते. धरणं आणि सोडणं यावर रंग बदलतो. जेलीफिश आरपार, तिच्यावर गडद ठिपका म्हणजे माशाला आमंत्रण, हे माझ्याही ध्यानात आलं.

मग एका प्रतीवर भागेना. साचा आहेच, दुसरी प्रत काढायला रेझिनचाच खर्च. एक फिकट, छत्रीला धरलेली. दुसरी तपकिरी, तंगूसच्या दोऱ्याने दोन हात लांब टांगलेली, पाय मोकळे. मोल्डरांचं समाधान झालं.

दुसरी अडचण माझ्याच आवडीची. मी कुठलाही पॅटर्न आरशासारखा घासतो, ती आमची शान. इथे चकाकी चालत नाही. आरपार प्राण्याला सगळ्यात मोठा धोका चकाकीचाच. प्रकाश पाठीवरून परतला की लपणं संपलं. २०१६ साली लॉरा बॅग, कॅरन ऑसबर्न आणि सोन्के जॉन्सेन यांनी काही हायपेरिइड जातींच्या कातडीचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केलं. कुणाच्या पायांवर अतिसूक्ष्म केसांसारखे उंचवटे, कुणाच्या अंगावर सूक्ष्म गोलकांचा एकेरी थर, आणि दोन्हींमुळे परतणारा प्रकाश कमी होतो. ते गोलक म्हणजे जिवाणू असावेत असा त्यांचा कयास. म्हणजे परजीवीच्या अंगावर आणखी कुणी बिऱ्हाड केलेलं.

मॅट लॅकर मारला. हाताला खरखरीत लागतो, जिवावर आलं, पण मारला. डोळे तेवढे चकचकीत ठेवले. त्यावर भाचीने काही आक्षेप घेतला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर बाईंशी फोनवर पाटीचा मजकूर ठरवायला बसलो. गोड बोला म्हणतात, पण थोडी खडाजंगी झालीच.

त्यांचा मसुदा असा होता की हायपेरिया हा जेलीफिशचा शत्रू, आयतखाऊ, मुलांनी त्यातून परजीवीपणाचे दुष्परिणाम शिकावेत. मी म्हटलं, बाई, मी या प्राण्याचा प्रत्येक पाय हाताने कोरलाय. पाच जोड्या नुसत्या धरण्यासाठी. तळावरच्या अँफिपॉडला धरायला दगड आहे, शेवाळ आहे. हिच्या वाट्याला वर खाली बाजूला नुसतं पाणी. त्या पाण्यात टेकायला एकच वस्तू तरंगत येते, ती जेलीफिश. तिची जमीन तीच, अन्न तेच, पाळणाही तोच. खाते म्हणून शत्रू म्हणायचं तर गवत खाणारी म्हैसही शेताची शत्रू. आणि जमीन संपली की हिचंही घर संपतंच.

बाई म्हणाल्या, "मेस्त्री, परीक्षेत परजीवी म्हणजे यजमानाचं नुकसान करणारा असंच लिहायचं असतंय." तेही खरं, नुकसान होतंच. भाचीने मध्ये पडून सांगितलं की शास्त्रज्ञांतही हायपेरिइडांना एकाच खणात टाकण्यावर एकमत नाही: फिलिप लावाल यांनी १९८० मध्ये या सगळ्या गटाचा आढावा घेताना त्यांची तुलना यजमानाला शेवटी संपवणाऱ्या कीटकांशी केली, काही जाती मात्र जेलीफिशवर नुसत्या बसतात, उतरतात.

तडजोड: "शत्रू" आणि "आयतखाऊ" काढले, "परजीवी" ठेवला. नुकसान काय होतं ते एका ओळीत, धरायला दुसरं काहीच नाही हे दुसऱ्या ओळीत. कानडी पाटीसाठी मोल्डरांना दोन्ही ओळी वाचून दाखवल्या. त्यांनी म्हशीचं वाक्य का काढलं म्हणून विचारलं.

२४ जानेवारी

टेम्पोने माल खानापूरला. वाटेत खड्डे, रेशमाच्या चुण्यांना कापूस लावून बांधलं होतं, शाबूत पोचल्या. छताच्या वाशाला दोन आयबोल्ट, वर चॅनल, तुकडा दहा अंश कलता टांगला म्हणजे दारातूनच खालची बाजू दिसते. तपकिरी प्रत खिडकीच्या वाऱ्याने फिरत राहते. फिरू दे म्हटलं.

शाळेसाठी सूचना लिहून दिल्या: पश्चिमेच्या खिडकीला पडदा, रेझिन उन्हाने पिवळं पडतं. फडका कोरडा, स्पिरिट नको, मॅट लॅकर जाईल. पिल्लं एम-सीलची आहेत, नखाने उचकटून बघू नयेत. शिपाईमामांनी विचारलं, रात्री खोलीत दिवा लावून ठेवायचा काय. नको.

पिल्लं सापडतात का ते आठवीच्या वर्गाने लगेच सुरू केलं. एकीने ग्रंथीच्या चुणीतली तीन दाखवली, एक आमच्याही यादीत नव्हतं. जवळ जाऊन बघितलं तर एम-सीलचा चुकार थेंब. तिला सांगितलं नाही.

हिशोब पूर्ण, अर्धी रक्कम मिळाली, उरलेली मार्चअखेर. बाईंनी हायपेरिएलाचा कागद मागून घेतला आणि पाठीवरच्या गोगलगाईसकट किती पडतील ते विचारलं. साठ पटीचा अंदाज काढून सोमवारी कळवतो म्हटलं. गोगलगाईला रेझिन चालणार नाही, तिचे पोहण्याचे पंख फार पातळ. वडगावला पुन्हा चिंधी मागायला लागेल, या वेळी पांढरी.